एकसष्ट नंबरची चौकट

मित्रांनो, मी एक जुना अल्बम आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मला तुमची कीव नको आहे. माझ्या पाठीचे कापड विरले आहे, कोपरे झिजून गोल झाले आहेत आणि चौथ्या पानावर चहाच्या कपाचे वर्तुळ उमटले आहे. असू दे. मी शोभेसाठी जन्मलो नव्हतो. माझ्या पोटात शहाण्णव चौकटी आहेत. त्यातल्या एका चौकटीपायी मी आणि माझी मालकीण अख्ख्या जगाशी वाकडे वागलो. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

पुस्तकबांधणीच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. खळीने हात माखलेल्या बायकांनी माझा पुठ्ठा चिकटवला, सोळा पाने शिवली आणि प्रत्येक पानावर सहा चौकटी कापल्या. प्रत्येक चौकटीला चार तिरप्या चिरा होत्या. त्यांत कार्डाचे कोपरे खोचायचे. खाली नंबर होता आणि शेवटच्या पानावर शहाण्णव जणींची यादी छापलेली होती. त्या साऱ्या जणी फुटबॉल खेळत. कुणी गिरणीत कामाला होती, कुणी टेलिफोन ऑफिसात, कुणी इस्पितळात. एका बिस्किट कंपनीने त्यांची स्पर्धा भरवली होती. बिस्किटाच्या प्रत्येक पुड्यात एका खेळाडूचे कार्ड निघे, आणि वीस पुड्यांचे कागद पाठवले की माझ्यासारखा एक अल्बम घरी येई.

मी ज्या घरी आलो, तिथे दोघी बहिणी होत्या. धाकटी अकरा वर्षांची, माझी मालकीण. थोरली बावीस वर्षांची. तिला सगळे ताईच म्हणत. ती दोऱ्याच्या गिरणीत रिळे भरायची आणि गिरणीच्या संघात गोलरक्षक होती. माझ्या यादीत एकसष्टाव्या ओळीवर तिचे नाव होते. फोटोवाल्याने छातीशी चेंडू धरलेला तिचा फोटो काढून नेला होता. ते कार्ड निघावे म्हणून घरात इतके पुडे आले, की शेवटी वडील म्हणाले, "आता जेवायलाही बिस्किटंच वाढा. भाजीचा तरी खर्च वाचेल."

पण ते कार्ड निघाले नाही. का निघाले नाही, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

उपांत्य सामन्याच्या दिवशी मी धाकटीच्या दप्तरात होतो. मैदानावर गवत कमी आणि खडी जास्त होती. ताईच्या संघात एक लहानखुरी पोरगी होती, सगळ्या तिला चिमणी म्हणायच्या. ती धावताना घसरून खांद्यावर आपटली आणि उठलीच नाही. तिचे गळ्यापाशीचे हाड मोडले होते, हे लांबूनही दिसत होते. मैदानावर गाडी एकच होती, आणि ती प्रमुख पाहुण्यांची, म्हणजे बिस्किट कंपनीच्या मालकांची होती.

"सामना संपू दे," स्पर्धेचे व्यवस्थापक म्हणाले. "वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. तोवर तिला सावलीत बसवा."

ताई गोलच्या रेषेवर खाली बसली आणि चेंडू तिने मांडीत घेतला.

"गाडी निघाल्याशिवाय चेंडू मिळणार नाही," ती म्हणाली.

व्यवस्थापकांनी दुसरा चेंडू आणवला. तो समोरच्या संघाच्या गोलरक्षक मुलीकडे गेला. तिने ताईकडे एकदा पाहिले, चेंडू उचलला आणि तीही आपल्या रेषेवर फतकल मारून बसली. मित्रांनो, त्या दोघी त्याआधी एकमेकींशी एक शब्दही बोललेल्या नव्हत्या. मैदानात चिटपाखरू हलेना. पाहुणे उन्हात उभे राहून घाम पुसू लागले. शेवटी गाडी चिमणीला घेऊन निघाली, तेव्हाच ताई उठली. तो सामना गिरणीचा संघ हरला. चिमणी मात्र दोन महिन्यांत दोन्ही हात नीट चालवत कामावर आली.

पंधरा दिवसांनी कंपनीचे पाकीट आले. त्यात एक चिठ्ठी होती: 'यादीत दुरुस्ती. संच पंच्याण्णव कार्डांचा आहे.' सोबत दोन चिकटपट्ट्या होत्या. मोठीवर सोनेरी बिस्किटाचे चित्र होते, ती माझ्या एकसष्टाव्या चौकटीवर लावायची. छोटी कोरी होती, ती यादीतल्या ताईच्या नावावर लावायची. ताईला संघातूनही काढले होते.

"लाव की," ताई धाकटीला म्हणाली. "नाहीतर पान बोडकं दिसेल."

"नाही लावणार."

"हट्टी आहेस."

"कुणावर गेलेय?" धाकटीने विचारले. ताई आत जाऊन कणीक मळू लागली.

शाळेच्या प्रदर्शनात बाईंनी मला हातात घेऊन खूप वाखाणले. "पट्टी लावून आण, पहिलं बक्षीस तुझंच," असेही म्हणाल्या. धाकटीने मला त्यांच्या हातातून काढून घेतले आणि ती घरी आली. मला तेव्हा राग आला होता, हे कबूल करतो. कौतुक कुणाला नको असते? पण घरी येईपर्यंत माझा राग निवला. माझे एक पान उघडे होते. खोट्याने झाकलेले नव्हते.

पुढे दिवस फिरले. धाकटीचे लग्न झाले, मुले झाली. मी माळ्यावर कुकरच्या खोक्याखाली चौदा वर्षे पडून होतो. मला कसर लागली. तिने माझ्या दोन पानांच्या कडा खाल्ल्या. त्या वर्षांबद्दल मी रडगाणे गाणार नाही. धाकटी वीजमंडळात मीटर वाचायला लागली होती. दिवसाला शंभर जिने चढणाऱ्या बाईला अल्बम आठवणार कधी? मुले हाताशी आली, तेव्हा एके दिवशी तिनेच मला खाली काढले, पाने उन्हात धरली आणि मोजले. त्र्याऐंशी कार्डे होती.

तिने तेव्हापासून मीटर वाचता वाचता घरोघर विचारायला सुरुवात केली. "जुनी फुटबॉलची कार्डं आहेत का हो, बायकांची?" लोक हसत. एक आजी तर म्हणाल्या, "अगं, तू आकडे बघायला आलीस की माणसं?" पण त्याच आजींच्या शिवणयंत्राच्या खणात नंबर चौदा निघाला.

असे विचारता विचारताच ती एका सलूनमध्ये पोचली. तिथला सलूनवाला स्वतः कार्डे जमवायचा आणि ब्लेडच्या रिकाम्या खोक्यांत नंबर लावून ठेवायचा. आठवड्यातून एकदा दुकानाला सुट्टी असे. त्या दुपारी तिथे पाचसहा जण जमत, आपापले अल्बम घेऊन खुर्च्यांवर बसत. त्यात एक नर्सबाई होत्या. त्यांचे सगळे संच धावपटूंचे, तरी माझे कुठले नंबर अजून हवे आहेत ते त्या पाठ करून ठेवत. त्यांच्यात विक्रीची पद्धत नव्हती. ज्याच्याकडे जास्तीचे असेल, त्याने द्यायचे.

सलूनवाल्याने पहिल्याच दिवशी नंबर अठ्ठ्याऐंशी काढून दिला. धाकटी संकोचली.

"घ्या हो," तो म्हणाला. "माझ्याकडे तीन आहेत. आरसा समोर असताना मला सहा दिसतात."

मित्रांनो, तिथे मी एक गोष्ट शिकलो. एकट्याने जमवलेला संच म्हणजे साठा असतो. माझ्या चौकटींत अकरा घरांतली कार्डे आहेत, आणि कुठले कुणी दिले हे मला अजून पाठ आहे. तीन वर्षांत पंच्याण्णव चौकटी भरल्या.

मग संग्राहकांच्या संघटनेचे एक गृहस्थ आले. ते पूर्ण संचांची नोंद ठेवत, म्हणून सगळे त्यांना यादीवाले म्हणत. त्यांनी भिंग लावून माझे एकेक कार्ड तपासले आणि प्रमाणपत्र काढले.

"अभिनंदन. संच पूर्ण आहे."

"अपूर्ण आहे," धाकटी म्हणाली. "एकसष्ट नाही."

"एकसष्ट कधी छापलंच नव्हतं."

"यादीत नाव आहे. माझ्या बहिणीचं."

"नाव छापलं म्हणजे कार्ड छापलं असं होत नाही, बाई. इतकी वर्षं झाली, एकही प्रत कुणी पाहिलेली नाही." त्यांनी चष्मा काढला. "संच पूर्ण आहे म्हटल्यावर भांडणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

धाकटीने प्रमाणपत्र परत केले. ते गेल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "छापलंच नव्हतं, तर पट्टी लावायला का पाठवली असती? शोधू या."

आणि सगळे कामाला लागले. स्वतःचे संच अर्धवट असताना त्या माणसांनी माझ्या एका कार्डासाठी पत्रे लिहिली, रद्दीची दुकाने पालथी घातली. आठ महिने हाती काही लागले नाही. एका दुपारी नर्सबाई आल्या आणि त्यांनी एक जुने पाकशास्त्राचे पुस्तक उघडले. रद्दीतून घेतलेल्या त्या पुस्तकात खूण म्हणून अर्धे कार्ड ठेवलेले होते. कपाळ, डोळे, हनुवटी, खांदे, आणि चेंडूची वरची कड. खालचा भाग सरळ रेषेत कापलेला.

धाकटीने तो तुकडा हातात घेतला. "हीच," एवढेच ती म्हणाली.

सलूनवाल्याने तो तुकडा मागून घेतला आणि आरशाच्या कोपऱ्यात काचेखाली लावला. "रोज तीस डोकी इथे बसतात," तो म्हणाला. "मान हलवता येत नाही, समोर बघावंच लागतं."

तीन आठवड्यांनी एक आजोबा दाढीला आले. अर्ध्या गालाला फेस असताना ते उठून बसले.

"हे कुठून आलं?"

"ओळखता?" सलूनवाल्याने वस्तरा बाजूला ठेवला.

"हे मी कापलंय." आजोबांनी गालावरचा फेस पुसला. "छापखान्यात कटरवर होतो मी. हिचं कार्ड शेवटच्या खेपेत होतं. पुड्यांत भरायच्या आधी वरून हुकूम आला, ही सगळी कापून टाका. दोन हजार होती. थप्पी लावायची आणि पातं खाली ओढायचं. दिवसभर ह्या पोरीचा चेहरा बघत होतो. विचारलंही, हिचा गुन्हा काय? मला म्हणाले, तुझं काम कापायचं."

वरचे तुकडे लगद्याला गेले होते; एखादा कुणी उचलून नेला असेल. खालचे काही त्यांनी घरी नेले होते. पाठ कोरी होती, लेकीला गणिते करायला कागद झाला. दुसऱ्या दिवशी ते खिळ्यांचा एक डबा घेऊन आले. त्याच्या तळाशी एकच तुकडा उरला होता. पुढे चेंडू आणि दोन्ही हात, मागे पेन्सिलीने केलेला भागाकार, तोही चुकलेला.

धाकटीने दोन्ही तुकडे माझ्या चौकटीत खोचले. वरच्याचे दोन कोपरे वर, खालच्याचे दोन खाली. ते दोन वेगवेगळ्या कार्डांचे होते. मध्ये काडेपेटीच्या काडीएवढी फट राहिली आणि चेंडू किंचित सरकला. मला त्या चिरांत इतक्या वर्षांनी कागद शिरताना दुखले. ते दुखणे मी कुणालाही देणार नाही.

पुढच्या सुट्टीच्या दुपारी ताई आली. आता ती पासष्ट वर्षांची होती आणि काठी घेऊन चालायची. आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर खाली मान घालून बसले होते. धाकटीने त्यांची ओळख करून दिली.

"पातं कुठून गेलं बघू," ताई म्हणाली आणि मला डोळ्यांजवळ नेले. "चेंडूच कापलात की हो. पण मी सोडला नाही तो."

आजोबांनी हात जोडले. ताईने त्यांचे हात खाली केले. "तुमचं पोट होतं त्यावर," ती म्हणाली. "मी गोलवर होते. मला पगार तिथे नव्हता, म्हणून जमलं."

यादीवालेही आले होते. त्यांनी भिंग लावले, तुकडे पाहिले, भागाकारसुद्धा पाहिला. "दोन तुकडे म्हणजे कार्ड नव्हे. नियम आहे," ते म्हणाले. "फार तर लिहीन, एकसष्ट छापलं होतं, फाटलं."

"फाटलं नाही," कोपऱ्यातून आजोबा म्हणाले. "कापलं. कापायला लावलं. तसं लिहा, खाली मी सही करतो."

यादीवाल्यांनी तसेच लिहिले. आजोबांनी सही केली. तिच्याखाली सलूनवाल्याने केली, नर्सबाईंनी केली, तिथे असलेल्या प्रत्येकाने केली. प्रमाणपत्र मला आजही नाही. सह्यांचा तो कागद माझ्या शेवटच्या पानाला टाचला आहे.

मित्रांनो, तुमच्याही खणांत, पुस्तकांत, डब्यांच्या तळाशी कुणाच्या तरी संचाचा तुकडा पडलेला असेल. तो जपा, आणि ज्याला हवा आहे त्याला देऊन टाका. आणि कुणी चकचकीत पट्टी देऊन म्हणाले की इथे काही नव्हतेच, तर ती घेऊ नका. वाळवी, कसर, ओल यांच्यापासून आम्हाला वाचवायला ऊन पुरते. त्या पट्टीपासून तुम्हीच वाचवू शकता.

आता मला जास्त बोलायला वेळ नाही. कालच लांबच्या गावाहून पोहणाऱ्या बायकांच्या एका अल्बमचे पत्र आले आहे. त्याच्या चार चौकटी रिकाम्या आहेत. धाकटीने त्याची यादी माझ्या पानांत ठेवली आहे आणि उद्या जिने चढताना ती दारोदार विचारणार आहे.