मेवलिदाची जेझवा

मी एक जुनी जेझवा आहे, म्हणजे कॉफी उकळायचे लांब दांडीचे तांब्याचे भांडे. बोस्नियातल्या सारायेवोच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. पण मित्रांनो, माझे आयुष्य गेले ते तिथल्याच तुझ्ला शहरातल्या पंप कारखान्यात, मेवलिदाच्या खोलीत.

मेवलिदा पंपांची माहितीपुस्तके लिहायची. पंप कसा बसवावा, कुठे हात घालू नये, सगळे. इंजिनियरांना ते ठाऊक असे, पण सांगायला सवड कुणाला? हुकूम सोडावा, तर तिचा हुद्दा सगळ्यांत खालचा. मग तिने मला शेगडीवर चढवले. वास सुटला की ल्युबो इंजिनियर आपला कप घेऊन हजर.

"बस, ल्युबो. आणि ती झडप उलटी बसली तर काय होतं, ते सांग."

"तू काही फुकट पाजत नाहीस, बाई."

"फुकट प्यायची सवय तुला आहे. मला पाजायची नाही."

तो हसे, साखरेचा खडा कॉफीत बुडवून चावे आणि बोलता बोलता सगळे सांगून टाके. माझ्यावाचून एकही पुस्तक पुरे झाले नाही, याचा मला फार अभिमान होता.

मग दालिबोर नावाचे नवे डायरेक्टर आले. त्यांना खोलीत कॉफी दिसली, काम दिसले नाही. एका सकाळी त्यांनी सगळ्यांना तिथेच गोळा केले.

"या बाई दिवसभर करतात काय? सांगा कुणीतरी. काम नसेल तर ही जागा बंद करतो."

मेवलिदाने ल्युबोकडे पाहिले. पण कामाच्या वेळी आपण इथे बसतो, हे साहेबांपुढे कबूल कोण करणार? ज्यांना मी वर्षानुवर्षे पाजले, ते सगळे मूग गिळून गप्प राहिले. ल्युबो तर म्हणाला, "आमचा यांच्याशी फारसा संबंध येत नाही, साहेब."

शेगडीवर माझ्यातली कॉफी उतू गेली, तरी कुणी मला उतरवले नाही. मला फार वाईट वाटले.

महिनाअखेरीस मेवलिदाने सामान आवरले. मला घासून तिथल्याच फळीवर पालथे घातले. घरी ती एकटीच पिणारी, एवढ्या मोठ्या भांड्याचे काय करणार? तेवढ्यात ल्युबो दारात आला.

"मेवलिदा, माझीही नोकरी गेली असती गं..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "साखर कपाटात आहे."

आता माझी कल्हई उडाली आहे, अंग हिरवे पडले आहे. त्याचे दुःख नाही. तांबे काय, राख-लिंबाने पुन्हा उजळते. पण मित्रांनो, ज्याच्या हातचे प्यायलात, त्याच्यासाठी चारचौघांत तोंड उघडा. नंतर दारात येऊन हळहळलात, तर ते ऐकून घ्यायचे ओझेही त्याच्याच डोक्यावर पडते.