उंटोबाला सांगितलेली थाप

उंटोबाला चाळीस वर्षं झाली म्हणून टीव्ही केंद्रावर मोठा सोहळा ठरला. तळघरातल्या कपाटांची खडान्‌खडा माहिती असलेला जिवंत माणूस एकच उरला होता, म्हणून मला बोलावणं आलं. मी तिथं एकतीस वर्षं टेपा सांभाळल्या.

उंटोबा म्हणजे कापडाचा उंट, डोक्यावर लाल टोपी. दर रविवारी सकाळी बारा मुलं त्याच्यासमोर सतरंजीवर बसायची. एकेकानं उठायचं आणि उंटोबाला एक थाप मारायची. ज्याची थाप सगळ्यात भारी, त्याला उंटोबा आपली टोपी घालायला द्यायचा. ती मुलं आता स्वतःच चाळिशी-पन्नाशीची झाली, पण उंटोबा म्हटलं की अजून त्यांचे चेहरे फुलतात.

सोहळ्याचं काम बघणारी मुलगी माझ्या धाकट्या सुनेच्या वयाची. मला टेपकाका म्हणायची. लोकांची पत्रं पोत्यानं आली होती. त्यातलं एक तिनं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, एवढी टेप काहीही करून शोधा.

पत्र एका निवृत्त नर्सबाईंचं होतं. त्यांची मुलगी सात वर्षांची असताना उंटोबाकडे गेली होती. घरी आल्यावर, काय थाप मारलीस, असं विचारलं तर सांगेना. टीव्हीवरच ऐक, म्हणाली. भाग लागला त्या रविवारी बाई ड्यूटीवर होत्या आणि इकडे गल्लीतली वीज गेलेली. सुट्टीत पुन्हा दाखवणार आहेत, तेव्हा ऐक, असं पोरीनं बजावलं. सुट्टी लागायच्या आत ती तापानं गेली. सुट्टीत दुसराच भाग लागला. बाईंनी त्या बारांतली दोन मुलं पुढे शोधून काढली होती. त्यांना उंट तेवढा आठवत होता.

तो भाग लागला ती तारीख पत्रात दिली होती. ती वाचून मी पत्राची घडी घातली. ती टेप कुठे गेली ते मला शोधायची गरज नव्हती.

त्या काळी टेपा महाग. एकीवर पुन्हा पुन्हा नवे कार्यक्रम चढवायचे. आम्ही त्याला पुसणं म्हणायचो. डब्यावर हिरवा ठिपका असला तर टेप ठेवायची, निळा असला तर पुसायला वर पाठवायची. शेजारी लिहिलेलंही असायचं, पण तेव्हा मला वाचता येत नव्हतं आणि हे मी कुणाला कळू दिलं नव्हतं. तळघरात एक पिवळा बल्ब होता. त्याच्या उजेडात हिरवं काय आणि निळं काय, दोन्ही सारखंच काळं दिसायचं. मी अंदाजानं डबे उचलायचो. बऱ्याच वर्षांनी, अक्षरं शिकल्यावर, जुनी नोंदवही चाळताना माझी चूक मला सापडली. त्या टेपेसमोर लिहिलं होतं, पुन्हा दाखवण्यासाठी ठेवणे. वही मिटली आणि गप्प बसलो. कुणी विचारलं नाही.

सोहळ्याचं काम बघणाऱ्या मुलीला मी एवढंच सांगितलं की त्या टेपेवर दुसरं काही चढलंय. कुणाच्या चुकीनं ते सांगितलं नाही. पण नवा कार्यक्रम जुन्यापेक्षा छोटा असला तर शेवटी जुन्याची शेपटी उरते, हे मला माहीत होतं. शेपटी आहे म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. बाईंना बोलवू आणि त्या बघताना त्यांचं चित्रण करू, म्हणाली.

बाई आल्या. पांढरी साडी, हातात रिकामी पिशवी. त्यांना पडद्यासमोर बसवलं, कॅमेरा लावला. टेपेवर एक दातांचा डॉक्टर ब्रश कसा धरावा ते समजावत होता. मी पुढे पळवायला लागलो तर बाई म्हणाल्या, राहू द्या, इतकी वर्षं थांबले. तेवीस मिनिटं आम्ही दात घासणं बघितलं.

मग पडद्यावर मुंग्या आल्या आणि एकदम मुलांचं हसणं ऐकू आलं. दोन वेण्यांची एक मुलगी उंटोबाकडे पाठ करून जागेवर परत चालली होती. एक रिबीन सुटलेली. ती बसली, फ्रॉक गुडघ्यांवर ओढला. उंटोबा म्हणाला, "हे मात्र मला खरंच वाटलं हं." आणि पुढचा मुलगा उठला. सगळं मिळून सात सेकंद.

"पुन्हा लावा," बाई म्हणाल्या.

मी अकरा वेळा लावलं. बारावी खेप त्यांनी मागितली नाही. पडद्याकडे बघतच विचारलं, "काय म्हणाली असेल हो?"

कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. सोहळ्याची मुलगी माझ्याकडे बघत होती. त्या क्षणी मी चूक कबूल करायला हवी होती. माझ्या तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, मला आठवतंय, चित्रण झालं तेव्हा मी नवी टेप घेऊन वर गेलो होतो. ती म्हणाली, माझ्या आईला पंख आहेत, रात्री ती दवाखान्यात उडत जाते.

मुलीनं डोळे पुसले. बाईंनी मला हात जोडले.

मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. तिथं त्या म्हणाल्या, "ती मला आई म्हणत नव्हती. दीर-नणंदा मला माई म्हणायचे, तीही माईच म्हणायची."

मी चाचरत म्हटलं, चारचौघांत म्हणाली असेल आई.

"थाप चांगली आहे तुमची," त्या म्हणाल्या. "पण तिची नाही."

मग मी सांगितलं. बल्ब, ठिपके, वाचता न येणं, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मला वाटलं, शिव्या देतील. मला शिव्याच हव्या होत्या. लिफ्ट आली. त्या म्हणाल्या, "आता हे कळून मी काय करू?" आणि आत जाऊन बटण दाबलं.

मी परत येऊन मुलीला म्हटलं, ते पंखांचं काढून टाक, मला चुकीचं आठवलं असेल. ती म्हणाली, काका, तोच तर कार्यक्रमाचा जीव आहे, आणि बाई कशा हात जोडतायत बघा ना. मी टेप डब्यात घातली. जाताना तिनं सगळ्यांना दिली तशी मलाही उंटोबाची लाल टोपी दिली. आता काही पुसलं जात नाही काका, म्हणाली, तीन-तीन ठिकाणी जपून ठेवतो.

सोहळ्याचा कार्यक्रम लागला तेव्हा मी आणि बायको घरी बघत बसलो होतो. मुलगी चालत गेली, बसली, फ्रॉक ओढला. मग माझा आवाज. खाली मोठ्या अक्षरांत तेच वाक्य, मला आता सरळ वाचता येणारं. सभागृहात टाळ्या थांबेनात. बाई बोलावलेल्यांत कुठे दिसल्या नाहीत.

बायकोनं पदरानं डोळे टिपले. माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच असं म्हणाली होती का हो पोर?"

"हो," मी म्हटलं.