हेस्टिंग्जच्या लढाईतला लोकरीचा सदरा

मी एक जुना चिलखती सदरा आहे, पण माझ्यात लोखंडाची एकही कडी नाही. मी राखाडी लोकरीचा आहे. जाड सुयांवर सगळ्या ओळी सुलट विणायच्या आणि वरून चंदेरी रंग फवारायचा, की लांबून लोकर कड्यांसारखी दिसते. इंग्लंडमधल्या शाळांच्या नाटकांत कितीतरी सरदार असे विणलेले असतात.

मित्रांनो, माझा जन्म मेडनहेडमधल्या एका स्वयंपाकघरात झाला. कांताबाईंनी मला त्यांच्या मुलासाठी, प्रबुद्धसाठी विणले. त्याच्या वर्गाला १०६६ सालची हेस्टिंग्जची लढाई शाळेच्या मैदानावर लढायची होती. त्या लढाईत समुद्रापलीकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंडच्या सॅक्सन राजाला हरवले. प्रबुद्ध नॉर्मन होता. तो जिंकून घरी आला आणि मला अंगातून न काढताच जेवायला बसला.

शाळेला मी आवडलो. दर वर्षी मला मागून नेत. मी कधी नॉर्मन झालो, कधी सॅक्सन. नाताळात मेंढपाळ झालो आणि एकदा ड्रॅगनची शेपूटही. माझे कौतुक होई तेव्हा कांताबाई म्हणत, "साधंच तर आहे." पण दुसऱ्या दिवशी मला वाळत घालताना त्या माझी बाही उगाचच सरळ करत.

पुढे दुकानांत चिलखत छापलेले तयार पोशाख मिळू लागले. ते हलके होते आणि टोचत नव्हते. मला कुणी मागेनासे झाले. मी एका काळ्या पिशवीतून माळ्यावर गेलो. तिथे मला कसर लागली. छातीवर दोन भोके पडली, पाठीवर एक.

मित्रांनो, अंधारात पडून राहणाऱ्याला आपल्याला कोण विसरले याचा हिशेब करण्याखेरीज काम नसते. मी तो हिशेब पुरा करण्याआधीच मला खाली आणले गेले. प्रबुद्धच्या मुलीला, ऋचाला, आता तीच लढाई लढायची होती.

रविवारची दुपार होती. कांताबाई मला मांडीवर घेऊन भोके बुजवत होत्या. समोर त्यांचे यजमान बबन बसले होते. त्यांनी उभी हयात विमानतळावर यंत्रे दुरुस्त केली. शेजारचे मॉर्टिमर चहाला आले होते. ते इतिहासाचे निवृत्त शिक्षक. ते इंग्रजीत बोलत, पण मी मराठी स्वयंपाकघरात वाढलो आहे, म्हणून मराठीतच सांगतो.

"तुमची इंग्रजी सगळी उसनवारीची," बबन म्हणाले. हा वाद ते दर रविवारी उकरून काढत.

"सगळी नाही," मॉर्टिमर म्हणाले. "आई, वडील, मुलगी हे शब्द आमचे आहेत. काका, मावशी फ्रेंचांकडून आले."

"म्हणजे आईबाप घरचे आणि पाहुणे बाहेरचे. आणि ही खिडकी?"

"तो शब्द उत्तरेकडच्या लुटारूंचा."

"भिंत?"

"रोमन लोकांची."

"मग राहिलं काय?"

मॉर्टिमरनी वर पाहिले. "छप्पर. ते अस्सल सॅक्सन आहे. म्हणून गळतं."

कांताबाई हसल्या आणि त्यांची सुई घसरली. बबननी बिस्किटांची बशी मॉर्टिमरपुढे सरकवली. "आणि तुम्ही? तुमचे पूर्वज नॉर्मनांच्या विल्यम राजाबरोबर आले ना? म्हणजे आमच्यासारखेच बाहेरून."

"हो. पण रांगेत तुमच्या हजार वर्षं पुढे आहोत. एवढं मात्र सांगतो, माझं आडनाव ज्या गावावरून पडलं, त्या गावाच्या नावाचा अर्थ आहे साचलेलं पाणी. बायको लग्नाआधी अर्थ विचारायची, तेव्हा मी समुद्र म्हणून सांगायचो."

इतक्यात ऋचा आत आली. तिला एक नाव हवे होते. तिच्या बाईंनी यंदाची लढाई वेगळी ठरवली होती. हेस्टिंग्जला जे मारले गेले, त्यांतल्या फार थोड्यांची नावे आज माहीत आहेत. म्हणून मैदानात पडणाऱ्या प्रत्येक मुलाने आपल्या घराण्यातल्या माहीत असलेल्या सर्वांत जुन्या माणसाचे नाव मोठ्याने सांगायचे होते.

"आजोबा, माझ्या फॅमिलीमधला ओल्डेस्ट नाव काय आहे?"

"बबन," बबन म्हणाले. "माझ्यापासून सुरू कर."

"तसा नाही चालत. तुमचे आजोबांचा नाव सांगा ना."

"माहीत नाही."

त्यांना माहीत होते. कांताबाईंचे हात थांबले, म्हणून मला ते कळले.

"अहो, सांगा की," त्या म्हणाल्या.

"कशाला? आमच्या गावात पूर्वज कशासाठी विचारायचे, माहीत आहे तुला. माणसाला कुठे बसवायचं ते ठरवायला. बाबासाहेबांनी आम्हाला त्यातून बाहेर काढलं. आता हिने शाळेत जाऊन ते पुन्हा ओरडायचं?" मग ते ऋचाकडे न पाहता म्हणाले, "त्यांचं नाव कचरू. कचरा, केर. गावाने माणसाला केर म्हटलं, आणि त्यांनी ओ दिली. शाळेत मास्तर ते नाव घेऊन हसायचे. मी मान खाली घालून बसायचो."

मॉर्टिमरना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी कप खाली ठेवला. ऋचाने त्यांना हळू आवाजात इंग्रजीत सांगितले.

"गावाने नाही ठेवलं ते नाव," कांताबाई म्हणाल्या.

"तुला काय माहीत?"

"सासूबाईंनी सांगितलंय मला. त्यांना त्यांच्या आजेसासूने, म्हणजे त्या कचरूच्या आईनेच सांगितलं होतं. त्या बाईची आधीची मुलं पाळण्यातच गेली, एकामागून एक. हा झाला तेव्हा तिने दारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, हा कचरा आहे, कुणाच्या कामाचा नाही. मुद्दाम. मरणाला ऐकू जावं आणि त्याने याला नेऊ नये म्हणून."

बबननी कप बाजूला सारला. "आई मला कधी म्हणाली नाही."

"तुम्ही विषय तरी काढू दिलात का कुणाला?"

ऋचाने सगळे पुन्हा इंग्रजीत सांगितले. मॉर्टिमरनी विचारले, "मग ते मूल वाचलं?"

"वाचलं म्हणून तर हे चहा पितायत," कांताबाई म्हणाल्या.

बबन उठले आणि बागेत गेले. ऋचाने दारापर्यंत जाऊन विचारले, "मी ते नाव सांगू?"

"मला विचारू नकोस," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या तोंडून एवढेच उत्तर निघाले.

मित्रांनो, शुक्रवारी मी पुन्हा मैदानात उतरलो. या वेळी मी सॅक्सन होतो, म्हणजे हरणारच होतो. दोरीच्या पलीकडे आईवडील उभे होते. बबन सगळ्यांत मागे होते, ठेवणीतला कोट घालून. ऋचाने त्यांना पाहिले, तशी माझ्या आतली धडधड वाढली. त्या नावाला आजोबांनी हो म्हटले नव्हते, नाहीही म्हटले नव्हते.

नॉर्मन मैदानाच्या टोकाच्या टेकडीवर चढले. मुले एकेक करून गवतात पडू लागली. बाई प्रत्येकाजवळ थांबत. कुणी मेबल म्हणाले, कुणी आणखी काही. वीर नावाच्या मुलाने हरनाम म्हटले. मग ऋचा पाठीवर पडली. पाठीच्या रफूतून ओले गवत मला टोचले.

तिने डोळे मिटले आणि "कचरू" म्हणाली. इतक्या हळू, की ते मला ऐकू आले, बाईंना नाही. बाईंनी पुन्हा विचारले. ऋचाने डोळे उघडून दोरीकडे पाहिले. मला वाटले, आता ती बबन म्हणेल आणि प्रश्न मिटवेल.

दोरीमागून खणखणीत मराठी आवाज आला. "मोठ्याने सांग, ऋचा. मागे ऐकू येत नाही."

ती मेलेली होती, तरी उठून बसली. "कचरू," ती म्हणाली. "माझा खापरपणजोबा. त्याच्या आईने त्याला वाचवला." आणि पुन्हा आडवी झाली.

बबननी कोटाची बटणे उगाच काढली आणि पुन्हा लावली. शेजारी उभ्या असलेल्या कुणाच्या तरी आईने त्यांना काहीतरी विचारले. ते सांगू लागले, आणि लढाई संपली तरी सांगतच होते.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे थोडेच मागणे आहे. लोकरीच्या कपड्याला पिशवीत कोंडू नका. वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा. घरातल्या माणसांना जुनी नावे विचारा, आणि ती कुणी व का ठेवली तेही विचारा. सांगणारी माणसे आहेत तोवर विचारा. मला धुवाल तेव्हा थंड पाण्यात धुवा, पिळू नका, आडवे पसरून वाळवा. पाठीवरचे गवताचे डाग निघाले नाहीत तर राहू द्या. त्या जागी एक सैनिक पडला होता, आणि त्याला नाव होते.