तुरटी प्यालेली वात

मेणबत्तीवालीने तीन वर्षं देवाची वाट पाहिली आणि मग कंटाळून ते काम स्वतःच हातात घेतलं.

काम तसं बारीकच होतं. एक वात तुरटीच्या पाण्यात बुडवायची, सुकवायची, पुन्हा बुडवायची. असं सात वेळा. तुरटी प्यालेला दोरा पेट घेत नाही, नुसता काळा पडून विझतो. ही विद्या तिला तिच्या भावाने, धाकट्याने शिकवली होती. तो कापड रंगवण्याच्या कारखान्यात कामाला होता आणि तिथे तुरटी पोत्यांनी यायची. त्याच कारखान्यात तो जळून मेला. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे बाईच्या डोक्यात काय शिजत होतं ते नीट कळेल.

आग लागली तेव्हा मागच्या दाराला कुलूप होतं आणि चावी मुकादमाच्या खिशात होती. मुकादम पुढच्या दाराने पळाला, चावीसकट. चौकशीत मात्र त्याने शपथेवर सांगितलं की मागचं दार उघडंच होतं आणि आग लागली ती धाकट्याच्या सिगारेटने. आता, धाकटा म्हणजे दम्याचा पोरगा. चर्चमध्ये धूप फिरवला तरी खोकत बाहेर पळायचा. कुलुपाची गोष्ट एका कामगाराने तिला कानात सांगितली आणि दुसऱ्या दिवशी कानावर हात ठेवले. बाकीचे मूग गिळून बसले. चार माणसं मेली आणि चौघांचं रक्त एका मेलेल्या पोराच्या नावावर लिहून मोकळे झाले सगळे. आईने तो डाग घेऊनच डोळे मिटले. मेणबत्तीवालीला तो डाग पुसायचा होता, आणि पुसता पुसता मुकादमाची राखही व्हायला हवी होती.

चर्चमध्ये अग्नीचा विषय निघाला की बाई सरसावून बसायची. बायबलातल्या संदेष्ट्याने हाक मारली आणि आकाशातून अग्नी उतरला, हे तिला फार आवडे. शिष्यांनी विचारलं, प्रभू, या गावावर अग्नी पाडू का, ती गोष्टही तिला अर्ध्यापर्यंत आवडायची. पुढे प्रभू त्या शिष्यांनाच रागावतो, तिथे ती खिडकीबाहेर बघायची. एकदा तिने फादरना सरळच विचारलं होतं, "देवाचा अग्नी नक्की कुणाला जाळतो?"

"जे जळायला पाहिजे त्याला," फादर म्हणाले. "माणसाला नाही, ताई. माणसातल्या घाणीला."

"माणूस नुसता घाणीचाच असला तर?"

फादर म्हातारे होते आणि त्यांना जेवायला उशीर झाला होता. ते म्हणाले, "असा अजून मला भेटला नाही."

मला भेटलाय, तिसऱ्या रांगेत खांबाजवळ बसतो, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

त्यांच्या चर्चमध्ये प्रभूच्या पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या संध्याकाळी सगळे दिवे मालवतात. अंगणात गारगोटीने ठिणगी पाडून नवा अग्नी पेटवतात. त्यावर फादर मोठी मेणबत्ती लावतात आणि मग एकाकडून दुसऱ्याकडे ज्योत जाते. घेणाऱ्याने आपली मेणबत्ती वाकवायची, देणाऱ्याने सरळ धरायची. ज्याची मेणबत्ती ज्योत घेत नाही त्याच्या पोटात न कबूल केलेलं पाप असतं, असं म्हाताऱ्या सांगत. ही अंधश्रद्धा आहे असं फादर दरवर्षी बजावत. म्हाताऱ्या दरवर्षी माना डोलवत आणि दरवर्षी शेजारणीच्या मेणबत्तीकडे डोळे लावून बसत.

मेणबत्त्या करायची आमची बाई, आणि दुपारी प्रत्येकाच्या जागेवर ठेवायचीही तीच. तेव्हा डाव साधायला आणखी काय लागतं?

त्या संध्याकाळी ती मुकादमाच्या दोन रांगा मागे बसली. ज्योत पहिल्या रांगेतून दुसरीत आली, दुसरीतून तिसरीत. मुकादमाच्या बायकोची मेणबत्ती पेटली. तिने ती सरळ धरली. मुकादमाने आपली वाकवली. वात तडतडली, काळी पडली आणि विझली. त्याने पुन्हा वाकवली. पुन्हा तेच. पलीकडची माणसं ज्योतीसाठी थांबून राहिली होती. एक म्हातारी बाकावरून अर्धी उठली. मेणबत्तीवालीच्या अंगातून असं काही सुख गेलं की तिने बाक घट्ट धरला. आता कळेल, ती मनात म्हणाली. आता बघ कसं वाटतं ते.

बायकोने घाईघाईने स्वतःची पेटलेली मेणबत्ती त्याच्या हातात द्यायला पुढे केली. त्याने ती घेतली नाही. हातातल्या काळ्या वातीकडे बघत राहिला, तिसऱ्यांदा वाकवली, विझू दिली आणि उभा राहिला.

"दाराला कुलूप होतं," तो म्हणाला. आवाज चिरका झाला होता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. "मी लावलं होतं. चावी माझ्याकडे होती. त्या पोराने सिगारेट ओढली नव्हती. मी खोटी शपथ घेतली. सोमवारी पोलिसांत जाऊन लिहून देतो."

म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. देवाच्या अग्नीने तोंड उघडवलं, अशी कुजबुज पसरली. इथपर्यंत सगळं बाईच्या मनासारखं झालं. पण मग फादर आले, त्यांनी मुकादमाला जवळ घेतलं, दुसरी मेणबत्ती स्वतःच्या ज्योतीवर पेटवून त्याच्या हातात दिली. मुकादम लहान पोरासारखा रडला. माणसं येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून गेली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचे खांदे सैल झालेले तिला दिसले. तिने त्याला जाळायला आग लावली होती, आणि तो लबाड त्याच आगीवर शेकत बसला होता!

रविवारी दुपारी तो तिच्या कामाच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. ती सुरीने मेणाचे साचे खरवडत होती. सकाळपासून तिच्या मनात एकच वाक्य घोळत होतं. ते बोललं की त्याची शांती जागच्या जागी मेली असती. पण जबाबावर त्याची सही अजून व्हायची होती. देवाने नाही, एका बाईने फसवलं असं कळल्यावर तो सोमवारी गेलाच नाही तर? धाकट्याचं नाव पुन्हा चिखलात. अक्कल सांगत होती, उद्यापर्यंत थांब.

"ताई," तो म्हणाला, "माफी मागायला आलो नाही. तोंडच नाही मला."

त्याचा स्वच्छ धुतल्यासारखा चेहरा बघून तिचं डोकं फिरलं. अक्कल राहिली बाजूला.

"देवाने तुला नाकारलं नाही," ती म्हणाली. आजवर ती त्याला अहोजाहो करायची. "वात मी मारली होती. तुझ्यासाठी खास. कसला चमत्कार नि कसलं काय. देवाला तुझ्याकडे बघायला वेळही नसेल."

मुकादम हलला नाही.

"तुरटी," तो म्हणाला. "हातात घेतल्या घेतल्या टोक कडक लागलं. अठ्ठावीस वर्षं तुरटीत हात आहेत माझे."

तिच्या हातातली सुरी थांबली.

"माहीत होतं तर बायकोची का नाही घेतलीस? ती देत होती."

"देत होती ना." त्याने चौकटीला हात टेकला. "ताई, तीन वर्षांत मला परत कुणी काही विचारलं नाही. मालकाने नाही, पोलिसांनी नाही, बायकोने नाही. सगळ्यांना पटलं होतं. ती वात बघितली आणि कळलं, एक माणूस अजून विचारतंय. म्हणून बोललो."

"आणि देव?"

"देव माफ करतो म्हणतात. त्याच्याशी मी रोज बोलायचो. तो माफ करायचा आणि मी तसाच घरी यायचो. तुम्ही करणार नाही, हे मला ठाऊक होतं."

"नाहीच करणार."

"हो."

बाईला रडू आलं आणि रडू आल्याचा संताप आला. तीन वर्षं जो प्रश्न तिने स्वतःलाही विचारला नव्हता तो तिच्या तोंडून निघून गेला.

"तो काही बोलला होता का? त्या दारापाशी?"

मुकादमाने खाली बघितलं. मग म्हणाला, "दार ठोकत होता. मला हाका मारत होता. मुकादम, मुकादम करून. चावी खिशात होती आणि मी ऐकून पळालो. हे काल सांगितलं नाही."

ती उठली. हातात सुरी होती आणि तो दोन पावलांवर होता. त्याने मागे सरकायचा प्रयत्न केला नाही. तिने सुरी टेबलावर ठेवली, कारण धाकट्याच्या नावावरचा डाग पुसायला तो जिवंत लागणार होता.

"उद्या हे सांगायचं," ती म्हणाली. "लिहून घेतात तिथे. हाकांसकट."

"सांगतो."

"मी समोर बसणार आहे. एक शब्द गिळलास तर तिथेच..."

"बसा," मुकादम म्हणाला. "तुम्ही समोर असलात तरच माझ्याच्याने होईल."