शाळेची वाकडी भिंत

"मोठ्या बाई, मी आता जे सांगणार आहे ते कुणालाच खरं वाटणार नाही," असं म्हणत म्हाताऱ्याने खांद्यावरच्या फडक्याने खुर्ची पुसली.

"खुर्ची मी सकाळीच पुसलीय," दारातून शिपाई म्हणाला.

"तुमची धूळ नाही हो पुसत. माझी तुमच्याकडे राहू नये म्हणून पुसतोय."

पण पुसलेल्या खुर्चीवर तो बसला नाही. मुख्याध्यापिका बाईंच्या डोक्यामागे जगाच्या नकाशाची चौकट एका अंगाला कलली होती, तिच्याकडे गेला. बोटाच्या टोकाने ती किंचित वर ढकलली, एक डोळा मिटून पाहिलं, केसभर खाली आणली, आणि मग कुठे येऊन टेकला.

"जग सरळ केलंत वाटतं मिस्त्री," शिपाई म्हणाला.

"खिळा ढिला होता. जग आहे तसंच आहे."

मोठ्या बाई हसल्या नाहीत, पण चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. म्हाताऱ्याच्या लेखी हे निम्मं काम झालं होतं. चष्मा उतरवलेला माणूस गोष्ट ऐकतो, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव.

म्हातारा गवंडी होता. जिथे जिथे इमारती उठत तिथे तिथे त्याचं कुटुंब जाई. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. लेक आणि सून विटा वाहायची, हा भिंती उभ्या करायचा, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन झाले की बाकीच्यांना गोष्टी सांगायचा. हातात थापी आणि तोंडात थापा, म्हणून सगळीकडे त्याचं नाव थापी मिस्त्री. नावाचं त्याला वाईट वाटत नसे. थाप पचवायला ऐकणारा लागतो, आणि ऐकणारे त्याला कधी कमी पडले नाहीत.

फक्त नात ऐकत नसे. अलीकडे तो गोष्ट सुरू करायचा आणि ती उठून भांडी घासायला जायची.

आत्ता ती त्याच्या खुर्चीमागे उभी होती. अकरा वर्षांची, उंच, हडकुळी. आईच्या जुन्या कापडाचा फ्रॉक तिच्या गुडघ्यांना सोडून केव्हाच वर निघाला होता. सकाळी नळावर तोंड धुताना तिने आजोबाला बजावलं होतं.

"आबा, या वेळी पुन्हा पहिलीत बसवलं तर मी बसणार नाही. उद्यापासून आईबरोबर घमेलं उचलेन."

"तुझ्या शत्रूला उचलू दे घमेलं."

"मुकादम म्हणाला, खांदे चांगले आहेत."

मुकादम काय म्हणाला ते म्हाताऱ्यानेही ऐकलं होतं.

"परीक्षा दिली म्हण," नात म्हणाली होती. "एवढं खोटं बोल. पण भिंतीची गोष्ट काढू नको."

"बरं."

"शप्पथ?"

"बरं म्हटलं ना."

मुलगी चार गावांत चारदा पहिलीत बसली होती. पहिल्या धड्यातलं बदक तिला दर ठिकाणी भेटायचं. बदक तळ्यात उतरायचं, आणि ते पलीकडच्या काठाला लागायच्या आत इकडे स्लॅब पडायचा, खिडक्या लागायच्या, रंग व्हायचा, आणि मंडळी गाशा गुंडाळून दुसऱ्या गावी. तिथे पुन्हा बदक. एकाच साईटवर मात्र काम वर्षानुवर्षं चाललं, आणि तिथल्या शाळेत ती थेट चौथीपर्यंत पोचली. पोचली होती हे खरं.

"आजोबा," मोठ्या बाई म्हणाल्या, "आधीच्या शाळेचा दाखला आहे का?"

"दाखला कसा असेल बाई? शाळाच उरली नाही."

"बंद पडली?"

"बंद नाही पडली. पूर्ण झाली."

शिपायाने दाराला खांदा लावला. त्याला आता कुठे जायचं नव्हतं.

"म्हणजे असं," म्हातारा म्हणाला, "आम्ही घर बांधतो, त्याच्याच तळमजल्यावर आमच्या पोरांची शाळा. खाली पाढे, वर आम्ही. घर पुरं झालं की शाळा संपली. तुमची शाळा बांधून झाली की पोरं आत येतात. आमची बांधून झाली की पोरं बाहेर. आता तिथं मोटारी उभ्या असतात. फळ्याच्या जागी एक लाल असते, फार देखणी."

मोठ्या बाईंनी पेन हातात घेतलं, नुसतं घेतलं. "मला एवढंच सांगा. चौथीची परीक्षा हिने दिली का? दिली असेल तर माझ्या जबाबदारीवर पाचवीत घेते. अर्ध्यातून सुटली असेल तर आमच्याकडे पहिलीपासून बसवतात. सगळ्यांना तोच नियम आहे, मी हिच्या एकटीसाठी मोडू शकत नाही."

"दिली ना. पहिली आली."

बाईंनी मुलीकडे पाहिलं. "हो का गं?"

मुलीने पायाच्या अंगठ्याने फरशीची सांध दाबली आणि मान डोलावली.

इथे म्हातारा गप्प बसला असता तर गोष्ट इथेच संपली असती आणि मुलगी पाचवीत बसली असती. पण मोठ्या बाई काही कालच्या नव्हत्या. 

"घर पुरं होताच शाळा संपते म्हणता. मग परीक्षेपर्यंत टिकली कशी? बिल्डर काय मुलांच्या परीक्षेसाठी थांबला?"

खोटं उभं केलं की ते कलतं, आणि मग त्याला दुसऱ्याचा टेकू लावावा लागतो. म्हाताऱ्याने एकदा मागे नातीकडे पाहिलं, नीट न पाहता. मग पिशवीत हात घातला आणि भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा बाहेर काढला. दोरी मुठीत धरून त्याने पितळी वजन खाली सोडलं. ते टेबलाच्या कडेशी डुलायला लागलं.

"बिल्डर नाही थांबला. मी थांबवला."

"तुम्ही?"

"म्हणून तर म्हटलं, खरं वाटणार नाही. शाळेला तीन बाजूंनी भिंती होत्या. चौथी बाजू उघडी, उजेड तिकडून यायचा. ती बाजू बांधली की जागा मालकाच्या ताब्यात. आणि बांधायची कुणी? मी. पोरं समोर बसलेली, परीक्षा तोंडावर. मी विटांचा एक थर लावला की वर्गातला उजेड तेवढा कमी. तिथल्या बाई थापीचा आवाज आला की शिकवायचं थांबवायच्या. मग मी ठरवलं, बांधायची, पण वाकडी."

"वाकडी?"

"सोपं नसतं ते. चाळीस वर्षं सरळ बांधणारा हात, त्याला वाकडं शिकवायचं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला उलटं चालवायचं. पहिल्या दिवशी एवढीशी वाकली. मुकादम आला, म्हणाला, मिस्त्री, भिंत दारू प्यायलीय का? पाडा. पाडली. वर्गात उजेड! पोरांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्यांदा बांधली ती अशी, की कबुतर बसलं नि घसरून खाली आलं."

शिपाई फसकन हसला. "कबुतर?"

"पंख आहेत हे विसरून गेलं बिचारं. मग इंजिनिअर आला. त्याने मान वाकडी करून भिंत बघितली, ती मान अजून तशीच आहे, डॉक्टर झाले, पट्टे झाले. मग शहरातून यंत्र आणलं, काचेचा डोळा असतो त्याला. यंत्राने सांगितलं, भिंत सरळ आहे, जमीन वाकडी आहे."

या वेळी मोठ्या बाईही हसल्या. तोंडावर हात ठेवून, पण हसल्या. म्हाताऱ्याचा आवाज खाली आला. गोष्ट कुठे हसवायची आणि कुठे खाली आणायची ते त्याला भिंतीइतकंच ठाऊक होतं. इतक्या साईटवर, इतक्या माणसांना त्याने ही सांगितली होती की आता डोळे मिटले की ती भिंत त्याला खरोखरच कललेली दिसे.

"मुकादमाने सगळ्यांच्या देखत सांगितलं, म्हाताऱ्या, तुझे डोळे गेले. उद्यापासून तू पाणी मार, नवा मिस्त्री मिळेल तेव्हा भिंत तो बांधेल. ज्याच्या भिंतीला कुणी कधी ओळंबा लावला नाही, त्याच्या हातात पाण्याची नळी दिली बाई. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं तोंड फिरवून हसत होती. मी ताकास तूर लागू दिली नाही. मनात म्हटलं, हसा लेको. माझी अब्रू जाऊ दे, पोरीची चौथी होऊ दे. आणि झाली. परीक्षा संपली, शेवटच्या पोराने कागद दिला, तसा मी थापी उचलली. एका दिवसात भिंत उभी केली, सुतासारखी. मुकादम म्हणाला, डोळे आले वाटतं? म्हटलं, आले."

बाहेर मैदानात कुठलातरी वर्ग एका सुरात पाढे म्हणत होता. ओळंबा डुलायचा थांबून म्हाताऱ्याच्या मुठीखाली नेमका उभा राहिला होता.

मोठ्या बाईंनी चष्मा चढवला. पेनाचं टोपण काढलं. समोरचा कागद ओढून घेतला आणि मुलीचं वय विचारलं, आईचं नाव विचारलं. मग लिहिता लिहिता थांबून त्यांनी मुलीकडे पाहिलं. बाईंचा आवाज आता शाळेतला राहिला नव्हता.

"पाचवीत बसवते तुला. पण एक लक्षात ठेव. पुढे खूप शिकशील, मोठी होशील. तेव्हा या माणसाला विसरू नको. आपल्या हाताची अब्रू घालवून नातीला शिकवणारा आजा कुणाला मिळतो? नशीब काढलंस पोरी."

"तसं काही नाही," म्हातारा म्हणाला, आणि फडक्याने डोळे टिपले. डोळे खरोखरच ओले झाले होते.

मुलगी खुर्चीमागून बाजूला सरली. आतापर्यंत ती फरशीकडे बघत होती, आता नकाशाकडे बघत होती.

"भिंत सरळ होती," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"भिंत पहिल्यापासून सरळ होती. पाडली नाही कुणी. एकदाच बांधली."

"अगं, ती पलीकडची," म्हातारा घाईने म्हणाला. "पोर आहे बाई, लहान होती तेव्हा..."

"त्याला वाकडं बघवत नाही," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. पाठ केलेलं म्हणावं तशी ती बोलत होती. "आत आल्या आल्या त्याने तुमचा नकाशा सरळ केला. तुम्ही बघितलं ना. तिथली भिंतही अशीच सरळ. मुकादमाने याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, वा मिस्त्री, तुमच्यासारखी भिंत कुणाची नाही. मी बघत होते. संध्याकाळी सगळे गेल्यावर याच ओळंब्याने मी मापून बघितली. वरपासून खालपर्यंत. मला वाटलं, कुठेतरी असेल."

शिपायाने दाराला लावलेला खांदा काढला.

"आणि परीक्षा?" मोठ्या बाईंनी विचारलं. विचारायचं नसल्यासारखं विचारलं.

"भिंत बांधली तेव्हा चार दिवसांवर होती."

म्हाताऱ्याने ओळंब्याची दोरी हळूहळू बोटांभोवती गुंडाळायला घेतली. एक डोळा त्याने मिटला होता, सवयीने. मोठ्या बाईंनी लिहिलेल्या ओळीकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"मी त्याला म्हटलं होतं, आबा, एक थर वाकडा लाव," मुलगी म्हणाली. "एकच मागितला होता."