‘कर’च्या आधी

भक्तीने लॅपटॉपवर आवाजाच्या पट्टीतला ‘व्हय’ कापला. ‘म्हाराजा’ उरला. तिने ‘म्हाराजा’ कापला, तर त्याच्याबरोबर नट दीपेशचा ‘कर’ही गेला आणि पडद्यावरचा माणूस बापाच्या होडीपुढे हात जोडून नुसतंच “माका माफ” म्हणून थांबला.

“ह्या असा ठेवलंस तर लोकांका वाटतला, होडीचा माप घेता,” भक्ती म्हणाली.

सर्वेश हसला नाही. दिग्दर्शक तो होता, आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारा त्याचा बाप होता. महोत्सवाला संध्याकाळपर्यंत ट्रेलर पाठवायचा होता.

फिल्म साधी होती. मुंबईचा मुलगा गावी येतो, वडिलांची होडी एका रिसॉर्टला विकतो. रिसॉर्टवाले तिच्यात सॅलड मांडणार असतात. निघण्याआधी मुलगा होडीची माफी मागतो. दीपेशने हे वाक्य एकाच टेकमध्ये, चौथ्यात, असं म्हटलं होतं की कॅमेरावालाही नाक ओढत बाजूला गेला. “माका माफ…” म्हणून त्याचे ओठ थांबले. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून सर्वेशच्या बापाचा, गणपतरावांचा, खणखणीत आवाज आला: “व्हय म्हाराजा!” त्याच आवाजाखाली दीपेशचा ‘कर’ पुटपुटल्यासारखा निघून गेला. आता दोघे एकमेकांत असे अडकले होते की एकाला काढलं की दुसराही निघे.

देवळात गाऱ्हाणं घालताना गुरवाच्या दर वाक्याला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. गणपतरावांनी ही सोय देवळाबाहेरही वापरायला घेतली होती. बातम्या सांगणारी बाई श्वास घ्यायला थांबली की, “व्हय म्हाराजा.” कंडक्टरने तिकीट विचारलं की, “व्हय म्हाराजा.” कुडाळच्या डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, “तुमच्या हृदयाची एक झडप नीट चालत नाही,” तेव्हाही त्यांनी देवासमोर जोडावेत तसे हात जोडले होते. डॉक्टरांनाही चुकून आशीर्वाद द्यावासा वाटला.

शूटिंगला ते सगळ्यांच्या आधी हजर असत. इस्त्रीचा शर्ट, केसांना खोबरेल, हातात घरची प्लास्टिकची खुर्ची. सर्वेश ओरडे, “बाबानू, शूटिंग चालू आसा, गप रवा!”

“व्हय म्हाराजा.”

शेवटी त्याने त्यांना फिल्मसाठी म्हणून नारळ देऊन धामापूरच्या भगवतीला पाठवलं आणि त्यांच्या माघारी पाचवा टेक घेतला. आवाज एकदम स्वच्छ. फक्त वाक्य संपल्यावर दीपेश सवयीने डावीकडे बघत राहिला होता, कोणी काहीच कसं बोललं नाही म्हणून. संगीत करणाऱ्या चंदनने मुंबईहून कळवलं होतं की त्या जागेत व्हायोलिन भरता येईल. त्याने ते भरूनही पाठवलं होतं. ऐकल्यावर सॅलड आठवत होतं.

चतुर्थीच्या आधी गणपतराव गेले. आता सर्वेशपुढे दोनच वाटा होत्या: चौथा टेक, ज्यात बाप होता आणि फिल्म बिघडली होती, किंवा पाचवा, ज्यात दोन्ही नव्हतं.

“आयेक आयकवलंस?” भक्तीने हळूच विचारलं.

“नाय. आणि तूव आयकव नको.”

सर्वेशची आई यशोदा पडवीत सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, डोकी मोडत बसली होती. नवरा गेल्यापासून तिने टीव्ही लावला नव्हता. तिच्यासमोर हा आवाज निघू नये म्हणून सर्वेश हेडफोन लावूनच काम करी. भक्तीने चहासाठी जागा करायला लॅपटॉप पुढे ओढला, हेडफोनची पिन निसटली, आणि घरभर गणपतराव घुमले.

“व्हय म्हाराजा!”

सुंगटं मोडायचा आवाज थांबला.

“चेडवा,” बाहेरून यशोदा म्हणाली, “परत लाव बघूया.”

भक्तीने सर्वेशकडे पाहिलं. तिने परत लावलं. यशोदा पदराला हात पुसत दारात आली आणि पडद्यावरच्या दीपेशकडे टक लावून बघत राहिली.

“चुकलो तुझो बापूस,” ती म्हणाली आणि चक्क हसली. “ह्याचा तोंड थांबला ना, तेका वाटला संपला. ‘कर’ ऱ्हवलोच.”

“म्हंजे?” सर्वेश म्हणाला.

“अरे, तेका आयकाक खंय येय? दोन-तीन वर्सां झाली. तोंडां बघी. समोरच्याचा तोंड थांबला काय हेचा चालू.”

“माका कित्याक नाय सांगलंस?”

“तेनीच सांगा नको म्हटल्यान.” ती दाराला टेकली. “म्हणालो, सिनेमात आवाजाचा काम आसता. झिलाक कळला तर बहिऱ्याक थंय उभो करूचो नाय.”

ती पुन्हा पडवीत गेली. थोड्या वेळाने सुंगटं मोडायचा आवाज सुरू झाला.

सर्वेशने हेडफोन लावले आणि लॅपटॉप स्वतःकडे घेतला. समुद्राची गाज काढली. होडीखालच्या वाळूचा आवाज, कावळे, व्हायोलिन, सगळं काढलं. मग दीपेशचं ‘माका माफ’ही काढलं. भक्तीने त्याचा हात धरायला हात उचलला आणि परत मांडीवर ठेवला. ट्रेलरमध्ये आता होडी होती, एक माणूस होता आणि त्याचे हलणारे ओठ. आवाज कसलाच नव्हता. ओठ थांबले की पडदा काळा आणि त्या काळ्यावर चौथ्या टेकमधला गणपतरावांचा आवाज.

त्याने ते एकदा पाहिलं. परत सुरुवातीला नेलं, परत पाहिलं.

बाहेर ऊन उतरत होतं. भक्तीचा मोबाईल वाजला. तिने मेसेज वाचला आणि सर्वेशकडे वळली.

“चंदन इचारता, ट्रेलराच्या संगीताचा काय करूया? तुका हो असोच पाठवचो आसा?”

सर्वेशने मान वर केली. हेडफोन त्याच्या कानांवरच होते आणि त्यांत काहीच वाजत नव्हतं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, ते थांबेपर्यंत.

“व्हय म्हाराजा,” तो म्हणाला.