आधी धाकट्यानं बोलायचं

प्रांतिक न्यायालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लहान खोलीत मत देण्याचा क्रम ठरलेला होता. आधी गिरण्या-कारखान्यांतून आलेल्या दोन लोकन्यायाधीशांनी बोलायचं, त्यांतही धाकट्यानं पहिलं, आणि अध्यक्षांनी सगळ्यांत शेवटी. साहेबाचा कल बघून लहानानं मान डोलवू नये म्हणून कोणा शहाण्यानं हा नियम केलेला. तिघांचं मत सारख्याच वजनाचं. दोघं जिकडे, निकाल तिकडे.

क्वेता याहोदोवा कापडगिरणीत मागावर काम करायची. वर्षातले काही आठवडे गिरणी तिला न्यायालयासाठी मोकळी सोडायची. तिघांत ती धाकटी, त्यामुळे पहिलं मत कायम तिचंच. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. कोणी गोदामातला माल उडवलेला, कोणी दारूच्या नशेत बायकोवर कुऱ्हाड उगारलेली. असल्या खटल्यांत मत द्यायला कसली अडचण?

पण बोहदान सिख्राची गोष्ट निराळी होती. एकेकाळचा भूगोलाचा मास्तर, आता शाळेतून काढल्यावर इस्पितळाच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा. आरोप काय, तर राज्य उलथवण्याचा प्रयत्न. आणि केलं काय होतं पठ्ठ्यानं? बंदी असलेली एक कादंबरी टाइपरायटरवर कार्बन लावून उतरवली आणि मित्रांना वाचायला दिली. पुरावा म्हणून ठेवलेली ती पानं क्वेतानं वाचली होती. एक म्हातारा मधमाश्या पाळतो आणि येताजाता गावच्या पुढाऱ्यांना शिव्या घालतो, बस. एवढ्यानं उलथत असेल तर हे राज्य आहे की पत्त्यांचा बंगला, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच तिनं घाबरून इकडेतिकडे पाहिलं.

घाबरायला कारण होतं. गिरणीतला नोकरभरती विभागाचा प्रमुख सोमवारी मुद्दाम तिच्या मागापाशी थांबला होता. भारी हसतमुख माणूस. "काय क्वेताबाई, या आठवड्यात न्यायालयात ना? छान, छान. आणि हो, तुमच्या झ्देनाचा मेडिकलचा अर्ज माझ्याच टेबलावर आलाय बरं का. हुशार आहे पोरगी. घरच्यांबद्दल चार ओळी लिहायच्यात मला. बघू, काय लिहायचं ते." एवढं बोलून मेला शीळ घालत निघून गेला.

झ्देना लहानपणापासून बाहुल्यांना पट्ट्या बांधत आलेली. दुसरं काही तिला व्हायचंच नव्हतं.

क्वेतानं रात्रभर हिशेब मांडला होता. अध्यक्ष लिपावस्की सरकारी माणूस, ते दोषीच म्हणणार. दुसरे लोकन्यायाधीश कादलेत्स आजोबा, जन्मभर कातडी कमावलेले, ते तर अध्यक्षांचे होयबा. भर सुनावणीत डुलक्या घ्यायचे आणि शेवटी "बरोबर आहे" म्हणायचे. मग आपण एकटीनं निर्दोष म्हणून काय उपयोग? सिख्रा आत जायचा तो जाणारच, वर आपल्या लेकीचं वाटोळं.

खोलीचं दार लागलं. नोंद करणारी इर्मा पेन घेऊन बसली.

"कॉम्रेड याहोदोवा?" अध्यक्षांनी विचारलं.

"दोषी," क्वेता म्हणाली. बोलून टाकलं एकदाचं, असं तिला वाटलं.

"कॉम्रेड कादलेत्स?"

आजोबा खोकले. "गोष्टीच्या पुस्तकासाठी माणूस तुरुंगात टाकायचा? इतके दिवस झोपा काढल्या मी इथं, पण आज नाही झोपलो. निर्दोष. लिही गं इर्मा, नीट लिही. माझी आता ही चार हाडं उरलीत, त्यांचं कोण काय करणार?"

क्वेताचा सगळा हिशेब चुकला होता.

आता अध्यक्षांची पाळी. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "कॉम्रेड याहोदोवा, मी बोलण्याआधी तुम्हाला आणखी काही सांगायचंय का? फिरून विचार करायचा असेल तर कायद्यात मुभा आहे."

इर्माचं पेन थांबलं. क्वेताच्या मनात आलं, हे आपल्याला का विचारतायत? मला पारखतायत. मी डगमगले की उद्या गिरणीत कळणार.

"नाही, कॉम्रेड अध्यक्ष. माझं मत तेच."

अध्यक्ष तिच्याकडे बघतच राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "माझंही तेच. दोषी."

प्रजासत्ताकाच्या नावानं निकाल वाचला गेला तेव्हा सगळे उभे होते. सिख्राला तीन वर्षं. मागच्या बाकावर त्याची आई कापडी पिशवी छातीशी धरून उभी होती.

कोट ठेवायच्या खोलीत क्वेता आणि अध्यक्ष दोघंच होते. त्यांनी तिचा कोट धरला आणि हळूच म्हणाले, "मी फिरून विचारलं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"मला पारखताय, असं वाटलं."

"मला हरायचं होतं हो, बाई. तुम्ही दोघं एकीकडे गेला असता, तर मी दोषी म्हटलं असतं आणि हरलो असतो. वरून फोन आला असता तर सांगितलं असतं, काय करू, कष्टकरी जनतेनं मला पाडलं. जनतेला कोण जाब विचारतो?"

क्वेता एकदम उसळली. "मग तुम्हीच का नाही म्हणालात? शेवटचं मत तुमचं होतं!"

"त्याला छाती लागते." त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "ती असती तर तुमच्या तोंडाकडे कशाला बघत बसलो असतो?"

ते निघून गेले. क्वेता भिंतीला टेकून उभी राहिली. लाज वाटत होती, नुसती लाज. त्यांची आणि स्वतःची.

बाहेर पायऱ्यांवर सिख्राची आई थांबली होती. क्वेताला बघून लगबगीनं पुढं आली. "बाई, निकाल वाचताना तुमचे डोळे भरलेले पाहिले मी. वर बसलेल्यांत तुम्ही तरी माझ्या बोहदानच्या बाजूनं बोलला असणार."

"आजी, ऐका, मी—"

"बोलू नका!" म्हातारीनं तिचा हात गच्च धरला. "मत सांगायची बंदी आहे, ठाऊक आहे मला. उगाच तुमच्यावर बालंट यायचं." तिनं पिशवीतून रुमालात बांधलेल्या बुख्ता, खसखशीचं सारण भरलेले गोड पाव, काढून तिच्या हातात कोंबल्या. "त्याच्यासाठी पहाटे भाजल्या होत्या. देऊ दिल्या नाहीत मेल्यांनी. तुम्ही खा."

सांगायला हवं होतं. अजूनही सांगता आलं असतं. क्वेतानं बुख्ता घेतल्या आणि ट्रामच्या थांब्याकडे चालू लागली.

घरी झ्देना अभ्यास करत होती. तिनं रुमाल सोडला आणि उभ्याउभ्याच एक तोंडात टाकली. "आई गं, काय सुरेख झाल्यात! कोणी दिल्या? तू नाही खात?"

"तू खा," क्वेता म्हणाली. "तुझ्यासाठीच आहे ते सगळं."